मागे सरणारे पाय

१

वस्ताद आता विटा राखायचे. ऐकून हसू येईल, पण खरं आहे. ज्या माणसाचं नाव ऐकून एके काळी दरोडेखोर नदीच्या पलीकडूनच माघारी फिरले, तोच माणूस ओल्या विटांवर कुत्री नाचू नयेत म्हणून काठी घेऊन वीटभट्टीच्या आवारात बसायचा. त्यांना स्वतःला मात्र यात काही कमीपणा वाटत नव्हता. उजवा हात थरथरायला लागला त्या वर्षी त्यांनी आपणहून तालीम बंद केली, तलवारीला तेल लावलं, जुन्या सतरंजीत गुंडाळली आणि माळ्यावरच्या पेटीत टाकली. बायकोनं लगेच त्या पेटीवर रिकामे डबे रचून ठेवले. विषय संपला.

सकाळी कामगार यायच्या आधी वस्ताद आवारभर बारीक राख पसरायचे आणि लांब फळीनं सपाट करायचे. राखेवर ठेवलेली ओली वीट जमिनीला चिकटत नाही. मग कामगार साचे आपटत ओळीनं विटा मांडत जायचे. दुपारी सगळे जेवायला घरी पळाले की आवारात चिटपाखरू नसायचं. वस्ताद पत्र्याच्या शेडमध्ये डबा खायचे आणि भिंतीला टेकून झकास डुलकी काढायचे.

त्या दिवशी डुलकी काढून उठले, तर समोरच्या रिकाम्या राखेत पावलं उमटलेली. कुत्र्यांची असती तर चार शिव्या हासडून मोकळे झाले असते. ही माणसांची होती. अनवाणी, आणि दोघांची.

वस्ताद उकिडवे बसले. जमीन वाचायची त्यांची सवय हाडात मुरलेली होती. त्यांच्या तालमीत प्रत्येक लढतीनंतर सगळे कडेला बसायचे आणि वस्ताद मऊ मातीतले पाय बघून सांगायचे, इथे याचा तोल गेला, इथे त्यानं हूल दिली, इथे वार चुकला. पोरं तोंडात बोट घालायची. तसंच त्यांनी आता बघितलं आणि गालातल्या गालात हसले. ही लढत होती. तलवारीची. एक जण पुढे येत होता, दुसरा मागे सरत होता, आणि दोघांमधलं अंतर एका पात्याएवढं. या गावात इतके देखणे पवित्रे अजून कोणाला येतात, म्हणून त्यांना कौतुकच वाटलं.

कौतुक फार वेळ टिकलं नाही. पावलं राखेच्या मधोमध सुरू झाली होती आणि मधोमधच संपली होती. चहूबाजूंना राख त्यांनी सकाळी केली तशीच सपाट होती. आवारात येणारा पाय नाही, बाहेर जाणारा पाय नाही. वस्तादांनी दोन वेळा फेरी मारून बघितलं, मग फळी घेतली आणि सगळं पुसून टाकलं. कामगारांना काहीच सांगितलं नाही.

२

दुसऱ्या दिवशी त्यांनी डुलकी काढली नाही. आपण म्हातारे झालो, चष्मा बदलायला झालाय, कोणीतरी टवाळखोर आपली गंमत करतंय, असं सगळं मनाला समजावून झालं होतं. टवाळखोराचं बखोट धरायचं म्हणून ते दाराआड स्टूल टाकून बसले.

ऊन डोक्यावर आलं. शेडच्या पत्र्याचं तडतडणं थांबलं. दूर कुठेतरी कोणाचा तरी रेडिओ चालू होता, तोही ऐकू येईना. आणि मग वस्तादांना एक आवाज आला, जो त्यांनी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता, पण झोपेतही ओळखला असता. पातं हवेतून जातं, तो आवाज. पात्यावर पातं आदळल्याचा खणखणाट नाही. नुसतं सपकन जाणं. आणि त्याच्या बरोबर कोणाचा तरी धापा टाकणारा श्वास.

आवारात कोणी नव्हतं. राख दबत होती.

एक टाच रुतली, तिच्या मागे दुसरी. समोरून चवडे आले, थांबले, डावीकडे सरकले. बोटांनी राख उडाली आणि हळूहळू खाली बसली. भर दुपारच्या उन्हात, दोन हातांवर. वस्ताद ओरडले नाहीत, पळालेही नाहीत. उन्हाचा झटका असावा म्हणून त्यांनी माठातलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं. पाणी गार लागलं, मानेवरून पाठीत उतरलं, आणि समोरची राख दबतच राहिली.

सगळं थांबल्यावर ते काठी टेकत बाहेर आले. कालच्या लढतीची जागा त्यांना पक्की आठवत होती. आजची लढत काल संपली तिथून सुरू झाली होती आणि गावाच्या बाजूला सरकली होती. मागे सरणाऱ्याची पाठ गावाकडे होती. पुढे येणारा नदीकडून येत होता.

३

आवाराच्या कुंपणाला लागून मेंढपाळाचं घर होतं. पुढच्या काही दुपारी लढत रोज थोडी थोडी त्या घराकडे सरकत गेली आणि वस्ताद रोज बघत राहिले. कोणाला सांगायचं आणि काय सांगायचं? म्हातारा चळला म्हणाले असते. एका दुपारी मागे सरणाऱ्याची टाच मेंढपाळाच्या उंबऱ्यावर पडली. त्या संध्याकाळी मेंढपाळाची बायको रडत गावात आली.

मेंढपाळ खाटेवर बसला होता. अंगाला कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. भरवलं तर जेवत होता, हात धरला तर उठत होता. पण बायको समोर उभी राहिली तर मान कलती करून तिच्या पलीकडे बघत होता, आपल्या आड काहीतरी आलंय असा. दाराकडे बघत बसला होता. कोणीतरी आत्ताच उठून गेलंय आणि परत येणार आहे, अशी त्याची बसण्याची रीत होती.

वस्ताद घरी आले ते थेट स्वयंपाकघराच्या दारात बसले. बायको लादी पुसत होती. गुडघ्यांनी दावा मांडलेला, तरी बसून, सरकत सरकत सगळं घर स्वतःच्या हातानं पुसल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. वस्तादांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती मध्ये बोलली नाही, म्हणजे तिचा विश्वास बसला होता. नाहीतर ती ऐकून घेणारी बाई नव्हती.

"म्हणजे एक आपला आणि एक परका, असं म्हणताय?" तिनं विचारलं.

"उघड आहे. जो मागे सरतोय तो गाव पाठीशी घेऊन लढतोय. एकटा. कोण आहे, कुठला आहे, देव जाणे, पण हरत चाललाय बिचारा. धापा टाकतोय. समोरचा त्याला रेटत रेटत आणतोय."

"मागे सरतो तो हरतोच कशावरून?" तिनं फडकं पिळलं. "मी नाही का लादी पुसताना मागे मागे सरत? ती काय लादीनं मला हरवलं म्हणून?"

"अगं, लादी तलवार चालवत नाही."

"मला आपलं वाटलं ते बोलले."

"आयुष्यभर पाय वाचले मी. ज्याच्या पाठीमागे राखायचं काही असतं तोच असा मागे सरतो. पहिल्या दिवशी शिकवायचो मी हे पोरांना."

"बरं बाबा, तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. "पाय वर घ्या, तिथलं पुसायचंय."

४

सायकलवाला म्हणजे वस्तादांचा लंगोटीयार. गावात वळणावर त्याचं दुकान. तोंडाचा इतका फाटका की वस्तादांना भर रस्त्यात 'सेनापती' म्हणून हाक मारायचा आणि विटांच्या फौजेची खबरबात विचारायचा. त्याला सावध करायला म्हणून वस्ताद भर उन्हात निघाले. मेंढपाळाच्या दारातून लढत पुन्हा सुरू झाली होती आणि रस्त्याच्या धुळीतून वळणाकडे चालली होती.

दुकानातून हसण्याचा आवाज येत होता. वस्तादांचा जीव भांड्यात पडला.

सायकलवाला चाक मांडीवर घेऊन बसला होता आणि समोरच्या रिकाम्या स्टुलाला गोष्ट सांगत होता. गोष्ट वस्तादांचीच होती, तरुणपणी तलवारीला घाबरून नव्हे तर बेडकाला घाबरून ते कसे विहिरीत पडले त्याची. ऐकणारा मध्ये काहीतरी बोलत असावा, कारण सायकलवाला थांबायचा, मान डोलवायचा आणि पुन्हा सुरू करायचा.

"अरे," वस्ताद म्हणाले. "मी आलोय."

त्यानं वर बघितलं नाही. वस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर अंगावर बसलेली माशी उडवावी तसा त्यानं खांदा झटकला. वस्तादांनी त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे वळवलं. पन्नास वर्षांचा दोस्त. त्याच्या डोळ्यांत वस्तादांना मागच्या भिंतीवरचे टायर दिसले, स्वतःचा चेहरा दिसला नाही. बोटं आपोआप सुटली. सायकलवाल्यानं मान पुन्हा स्टुलाकडे वळवली आणि गोष्ट जिथे राहिली होती तिथून पुढे सांगायला लागला.

वस्ताद बाहेर आले आणि रस्त्यातच बसले. समोर धुळीत सगळं लिहिलेलं होतं. मागे सरणाऱ्याच्या टाचा उंबऱ्याच्या आत गेल्या होत्या. पुढे येणारा उंबऱ्याशी थांबला होता, आत गेलाच नव्हता. दारासमोरची धूळ त्याच्या येरझाऱ्यांनी उकरून निघाली होती. हा जिंकल्यावरचा माज, असं वस्तादांनी वाचलं.

५

आता गावाला सांगावंच लागलं. भट्टीचा मालक, शाळेच्या बाई, मेंढपाळाची बायको, सायकलवाल्याचा मुलगा, सगळे वस्तादांच्या ओसरीवर जमले. कोणी हसलं नाही. सायकलवाल्याला सगळ्यांनी बघितलं होतं. तोही आता गप्प झाला होता आणि दाराकडे डोळे लावून बसला होता.

"वस्ताद, तुम्हालाच बघावं लागेल," मालक म्हणाला. "गावात दुसरं आहे कोण?"

वस्तादांनी उजवा हात पुढे धरून दाखवला. "या हातानं कपातला चहा बशीत सांडतो हो. याच्यात तलवार देताय?"

"मग तो जो आपल्यासाठी लढतोय, त्याला एकट्याला मरू द्यायचं?" बाई म्हणाल्या. त्या काही टोचून बोलल्या नाहीत, पण लागायचं तिथे लागलं.

सगळे गेल्यावर वस्ताद दारात उभे राहिले. वळणापासून गल्ली सरळ येत होती, आणि गल्लीतलं पहिलं घर त्यांचं होतं. हे इतके दिवस त्यांनी कसं लक्षात घेतलं नव्हतं कोण जाणे. की मनाला माहीत होतं आणि मन सांगत नव्हतं?

आत बायकोनं माळ्यावरची पेटी खाली काढली होती. ते गुडघे घेऊन ती शिडीवर कशी चढली हे विचारायची त्यांना हिंमत झाली नाही. सतरंजी उलगडून, तलवार मांडीवर घेऊन ती पदरानं तेल पुसत होती. लग्न झाल्यापासून तिनं त्या वस्तूला हात लावला नव्हता.

"बहिणीकडे जा तू," वस्ताद म्हणाले. "आत्ताच निघ. मालकाला गाडी मागतो."

"मी नाही जायची." तिनं मान वर केली नाही. "मला भीती वाटतेय, खूप वाटतेय. मरायची नाही वाटत. तुम्ही माझ्या समोर उभे असाल आणि मला दिसणार नाही, याची वाटतेय. तिकडे जाऊन तेच झालं तर मला कोण सांगेल की हे तुझे, यांना बघ? त्यापेक्षा तुम्ही त्याला इथेच थांबवा. दारातच थांबवा."

वस्ताद तिच्याजवळ जमिनीवर बसले. त्यांनी तिच्या हातातलं पदराचं टोक घेतलं आणि राहिलेलं तेल पुसलं.

६

सकाळी हातगाडीवरून राख आणून त्यांनी वळणापासून आपल्या दारापर्यंत गल्लीभर पसरली आणि फळीनं सपाट केली. काम रोजचंच होतं. गल्लीतल्या बाया खिडक्यांतून बघत होत्या. जेवणाची वेळ झाली तशा खिडक्याही बंद झाल्या. बायकोनं आतून कडी लावली, ती त्यांनी ऐकली आणि मगच म्यान बाजूला ठेवलं.

मूठ हातात आली आणि हात थांबला. थरथर नाही, काही नाही. वस्ताद स्वतःच चकित झाले. म्हातारपण कुठे गेलं होतं कोण जाणे. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना आनंद झाला, भीतीच्या बरोबरीनं.

पत्रे तडतडायचे थांबले. वळणावर राख दबली.

मागे सरणाऱ्याच्या टाचा गल्लीत शिरल्या. एकेक पाऊल नीट, सारख्या अंतरावर, घाई नाही. समोरून चवडे येत होते, पण ते काल-परवासारखे राहिले नव्हते. डावा पाय फरपटत होता, राखेत लांब ओरखडे निघत होते. एक गुडघा टेकल्याची खूण उमटली आणि पुन्हा चवडा उठला. धापा आता अगदी स्पष्ट ऐकू येत होत्या. गल्ली अरुंद, आवाज दोन्ही भिंतींवरून येई, कोणाच्या त्या कळेना.

माणूस दिसत नसला तरी काही बिघडत नव्हतं. पाय दिसत होते, आणि पाय दिसले की वस्तादांना वरचा माणूस दिसायचा. खांदा कुठे, हात कुठे, मान कुठे, सगळं. ते दाराच्या पायरीवरून खाली उतरले. मागे सरणाऱ्याची पाठ त्यांच्यापासून हातभर उरली तेव्हा ते बाजूला झाले.

"मागे हो भाऊ," ते म्हणाले. "खूप लढलास. आता मी आहे."

टाचा त्यांच्या शेजारून गेल्या. शेजारून जाताना त्यांच्या दंडाला काहीतरी गार लागलं आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. तो श्वासच घेत नव्हता. धापा समोरून येत होत्या.

पण पवित्रा घेऊन झाला होता आणि वार निघालेला होता. आयुष्यभर ज्या वारासाठी लोक त्यांना वस्ताद म्हणत आले, तोच, खांद्यापासून खाली येणारा. समोरच्यानं तो अडवला नाही. त्याचं लक्ष वस्तादांकडे नव्हतंच. पातं कशात तरी रुतलं, मनगटापर्यंत धक्का आला आणि सुटलं.

राखेत दोन गुडघे उमटले. मग एक तळहात. मग सगळं अंग एकदम आडवं झालं आणि राखेचा लोट उठला. लोट खाली बसताना त्या अंगावरही बसला, आणि श्वासभर, तेवढाच, वस्तादांना एक चेहरा दिसला. ओळखीचा नव्हता. म्हातारा होता, त्यांच्याहून कितीतरी म्हातारा, गाल आत गेलेले, कपाळावर जुन्या वारांचे व्रण. राग नव्हता त्या चेहऱ्यावर. तो वस्तादांच्या पायांमधून त्यांच्या मागच्या दाराकडे बघत होता आणि तोंडानं काहीतरी सांगत होता. मग राख घसरली आणि तिथे कोणी उरलं नाही. फक्त तळहाताची खूण दाराच्या दिशेनं थोडी पुढे सरकली, बोटांचे ओरखडे उठले, आणि धापा थांबल्या.

वस्ताद तसेच उभे. आपण काय केलं हे त्यांना कळलं होतं, पण मान वळवायला धीर होत नव्हता.

७

त्यांनी मान वळवली.

टाचांच्या खुणा पायरीपाशी संपल्या होत्या. तिथे पाय वळले होते. आता बोटं दाराकडे होती. मागे सरायची गरज उरली नव्हती, कारण तोंड फिरवून चालायला कोणाची आडकाठीच नव्हती. पहिल्या पायरीवर राखेचं पूर्ण पाऊल होतं, दुसरीवर होतं, उंबऱ्यावर फिकं होतं.

"दार उघडू नकोस," वस्ताद ओरडले. "ऐकतेस का? मी सांगेपर्यंत उघडू नकोस."

कडी निघाली. दार उघडलं. बायको दारात उभी होती आणि तिचा चेहरा असा फुलला होता की वस्तादांचे पाय जागीच थबकले. लढाईवरून ते धडधाकट परत यायचे त्या दिवसांत ती अशी बघायची. आत्ताही तशीच बघत होती, त्यांच्या आणि तिच्या मध्ये, हातभर अंतरावर.

"आलात?" ती म्हणाली. "मला वाटलंच. या, केवढे दमलात."

"अगं, मी इथे आहे," वस्ताद म्हणाले. "इकडे बघ. इकडे, माझ्याकडे."

तिनं डोळे टिपले, बाजूला सरून वाट दिली आणि कोणाच्या तरी पाठीवरून हात फिरवला. मग दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला.

तलवार कधी पडली ते वस्तादांना कळलं नाही. ते दोन्ही हातांनी दार बडवत होते, तिला नावानं हाका मारत होते, लग्नानंतर एकांतातच मारली असेल अशी हाक भर गल्लीत मारत होते. हात पुन्हा थरथरायला लागला होता. आतून भांड्यांचा आवाज आला. पाणी ओतल्याचा आला. तिचं बोलणं ऐकू आलं, मग ती थांबली, कोणीतरी काहीतरी विचारलं असावं.

"काही नाही हो," ती आत कोणाला तरी म्हणाली. "वाऱ्यानं दार वाजतंय. तुम्ही बसा."